पुढचं चाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या सासुरवाडीला ओळखत नाही. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

गोष्ट सायकलच्या चाकाची आहे. हसलात तरी चालेल, सुरुवातीला मीही हसण्यावारीच नेली होती.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला माझं लग्न झालं. तेव्हा जावयाला सायकल देण्याची पद्धत होती. मामा — सासऱ्यांना मी मामाच म्हणायचो — सायखेड्यात शिवणकाम करायचे. नाशकातल्या दुकानात अर्धा दिवस घालवून त्यांनी स्वतः सायकल निवडली, एसटीच्या टपावर टाकून गावी नेली आणि हँडलला हार घालून मांडवात उभी केली. दांड्यांवर गुंडाळलेला कागद मी वर्षभर काढला नाही, इतकं मला तिचं कौतुक होतं.

मी ओझरच्या कारखान्यात फिटर. विमानाचे भाग जोडणारा माणूस, केसाएवढा फरक बोटाला कळतो — हे लोक म्हणायचे असं नाही, मीच सांगत सुटायचो. नाशकात द्वारका भागात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरून सायकलवर चौकापर्यंत जायचं आणि तिथून कारखान्याची बस धरायची. एकदा पुढचं चाक पंक्चर झालं. आता विमानवाला माणूस पंक्चरच्या दुकानात रांग लावणार का? टायर उचकटायच्या पट्ट्या माझ्याकडे नव्हत्या. मोठा स्क्रू-ड्रायव्हर घातला, पाय देऊन जोर लावला, पंक्चर काढलं, मिशीला पीळ दिला.

त्यानंतर चाक डुलायला लागलं. त्यानंतरच — पण तो ‘त्यानंतर’ मला दिसलाच नाही. का दिसला नाही? डोळे तर चांगले होते.

मग सुरू झाले ते रविवार. अंगणात सायकल उलटी करायची, खडू धरून चाक फिरवायचं आणि जिथे खूण उमटेल तिथल्या तारा कसायच्या. चाकाचा आउट काढणं म्हणतात ते हेच. एका बाजूची तार कसली की चाक दुसरीकडे पळायचं. तिकडची कसली की पुन्हा इकडे. आसावरचे कोन उघडले, त्यातले छर्रे बदलले, ग्रीस भरलं. चाक आपलं डुलतंच आहे, आणि मी घामाघूम. समोर राहणारे पोस्टातले काका ओट्यावर पेपर वाचायचे. ते एकदा म्हणाले, “साहेब, तुमच्या विमानाला चाकं असतात ना हो? नाही, सहज विचारलं.” मी हसलो. आतून मात्र असा भडकलो होतो, की हातातली चावी निसटून बोट सोलून निघालं.

त्याच वेळी बायको चहा घेऊन आली. बिचारी एवढंच म्हणाली, “एकदा दुकानात दाखवा ना.” मी म्हणालो — हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात — “दुकानात काय दाखवू? तुझ्या बापानं जुनी सायकल रंगवून गळ्यात मारलीय.”

रागात बोललो, एवढंच असतं तर आज सांगत बसलो नसतो. पण ते वाक्य मला फार सोयीचं पडलं. बसमध्ये सांगितलं, ओट्यावर सांगितलं. सगळ्यांना पटलं. फिटरचा हात शाबूत राहिला, माल खोटा ठरला. बायको आधी चिडून भांडली. मग हळूहळू गप्प झाली. तिला माझ्या हाताचा भरवसा होता हो. हा म्हणतो तर खरंच असेल, असं तिनं धरलं. माहेरचं नाव निघालं की ती विषय बदलू लागली. आणि बोलणं सायखेड्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

थोरलीच्या बारशाचा दिवस. घर बायकांनी भरलेलं, पुरुषांना आत थारा नाही. म्हणून मी मागच्या दारी सायकल घेऊन बसलो आणि वैतागून टायर-ट्यूब दोन्ही उतरवून टाकलं. नुसत्या रिमचा आउट काढला. अर्ध्या तासात चाक सरळ — खडू कुठेच लागेना. टायर चढवून हवा भरली आणि फिरवलं. डुलायला लागलं.

कळलं? मला त्या क्षणी कळलं. चाक नाही, टायर डुलत होता. पुन्हा उतरवून कड चाचपली. कडेच्या आतली तार एका जागी वाकलेली, आणि रबरावर माझ्याच स्क्रू-ड्रायव्हरचे चावे. टायर बसणार कसा? डुलतंय ते चाक की टायर, हे आधी बघायचं असतं. शिकाऊ पोरसुद्धा बघतं. मी इतके महिने बघितलं नव्हतं.

टायर तसाच चढवला, हात पुसले आणि पुढे आलो. मामा अंगणात उभे होते. ते त्यांच्या जुन्या सायकलवर सायखेड्याहून आले होते, कॅरिअरला पाळण्यातली दुपटी बांधून. पुरुष पाहुणे तिथेच बसलेले. मामांनी त्या पाहुण्यांदेखत माझ्यापुढे हात जोडले.

“जावईबापू, मला त्यातलं काय कळत नाय. दुकानदारानं फशिवलं आसंल. तुमची मी नेतो. ही माझी ऱ्हाऊ द्या. जुनी हाय, पण सरळ चालती.”

मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही सांगायची गरज नाही. ‘मामा, चूक माझी आहे’ — चार शब्द. घशाशी आले होते. पण काका बसले होते, बसमधले दोघे-तिघे बसले होते. मी म्हणालो, “असू द्या मामा, चालायचंच.” म्हणजे वर मोठेपणाही मीच घेतला. बायको बाळाला घेऊन दारात उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

दिवाळीला आम्ही सायखेड्याला गेलो. अंगणात मामांनी बदलून नेलेली माझी सायकल उभी, पुढच्या चाकाला नवा टायर. मामांनी चाक उचलून हातानं फिरवलं. सुतासारखं सरळ. अंगणात मी आणि मामा, दोघेच होतो. “टायर बदलला, बाकी काय नव्हतं,” ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

म्हणजे त्यांना कळलं होतं. लेकीला त्यांनी सांगितलं नाही. का, ते मला उमगतं — तिला माझ्या घरात नांदायचं होतं. तिनं मात्र बापाकडून साधं लुगडंही पुन्हा घेतलं नाही. ‘नको बाबा, उगाच कशाला,’ म्हणायची. त्या उगाचमधली धार मला ऐकू यायची. त्यांनाही येत असणार.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मामा गेले. शेवटी बोलणं जेमतेम उरलं होतं. बायको उशाशी बसून त्यांचं कपाळ चेपत होती. एकदम म्हणाली, “बाबा, ते सायकलचं मी मनात ठेवलेलं नाही. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका.”

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बरं झालं बाई. माफ केलंस.”

मी पायथ्याशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. उभाच राहिलो.