‘जेवून जा’चा शेवट

साक्रीला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. नागलीचे पापड, मध, बांबूच्या टोपल्या अशा टेबलांच्या रांगेत अगदी शेवटी कोकिळा नारखेडे आपली कादंबरी मांडून बसल्या होत्या. दुपारी एक बाई आली. तिनं पुस्तक उचललं, मागचा मजकूर वाचला, मधली चार पानं चाळली, मग शेवटचं पान उभ्या उभ्या पूर्ण वाचून काढलं. कोकिळाताईंना बरं वाटलं. इतक्या बारकाईनं कोणी पुस्तक बघत नाही.

बाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मोठ्यानं अहिराणीत म्हणाली, “ही गोट तं मी मोबाईलवर आयकेल शे. बठ्ठी तीच शे. फक्त शेवट तुम्ही बदलेल शे.”

“अहो, ही मी लिहिली आहे.”

“मोबाईलवर तं माणूस सांगस,” बाई म्हणाली. “दुसरानी गोट छापीसन इकतस का?”

शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. पापडवाली हसली. पुस्तकावर कोकिळाताईंचं नाव होतं, मागे त्यांचा फोटो होता, तो त्यांनी बोटानं दाखवलाही. पण बाई तोवर मधाच्या टेबलाशी पोचली होती, आणि तिथेही तेच सांगत होती.

कोकिळाताई मूळच्या यावलकडच्या, केळीवाल्या घरातल्या. लग्न करून नशिराबादला आल्या. नवरा योगराज यांचं महामार्गाला लागून मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान, मागच्या खोल्यांत घर. घरात सासू बेबाबाई. कोकिळाताईंचं शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात थांबलं, वाचन थांबलं नाही. स्वयंपाक उरकला, दुकानात ताट पोचलं, की दुपारी त्या मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करत बसायच्या. अशी ती कादंबरी झाली. तिच्यातली रूपा नवऱ्यानं टाकलेली. ती शिरपूरला खोली घेऊन कॉलेजच्या पोरांना डबे पुरवते, पायावर उभी राहते. कितीतरी वर्षांनी नवरा दारात येतो. खोकतोय, वाळलाय, म्हणतो घरी चल. रूपा त्याला बसवते, ताट वाढते, पोटभर जेवू घालते. तो हात धुऊन बाहेर पडला की दार लावते, आतून कडी घालते. तिथे कादंबरी संपते. नाव ‘जेवून जा’.

प्रकाशकांनी एकतर उत्तरच दिलं नाही, नाहीतर छपाईचा खर्च मागितला. खर्च आपणच करायचा तर मधे दुसरा कशाला, असं म्हणून कोकिळाताईंनी पुस्तक स्वतः काढलं. म्हणायला एका वाक्याचं काम. जळगावच्या डीटीपीवाल्यानं कादंबरीतल्या बायकांच्या तोंडचं ‘मले-तुले’ अशुद्ध समजून सगळीकडे ‘मला-तुला’ करून टाकलं होतं. कोकिळाताईंनी त्याच्या शेजारी स्टूल टाकून ओळ न् ओळ परत फिरवली. मुखपृष्ठासाठी घराचं पुढचं दार त्यांनीच घासूनपुसून त्याचा फोटो काढला. पुस्तकांचे गठ्ठे दिवाणाखाली गेले, म्हणून तिथल्या गोधड्या माळ्यावर गेल्या. फेसबुकवर जाहिरात करणं, टपालात पार्सल टाकणं, ‘पुस्तक अजून आलं नाही’ म्हणून फोनवर ओरडणाऱ्याची समजूत काढणं, सगळं एकटीचं. एकदा कुणी वाचनालयवाले फोनवर म्हणाले, “बाई, तुम्ही नको, प्रकाशकांना द्या.” कोकिळाताईंनी फोन या कानावरून त्या कानाला लावला आणि आवाज जाड करून म्हटलं, “बोला.”

त्यात त्यांना कष्ट वाटत नव्हते असं नाही. पण पुस्तक आपल्या मनासारखं निघालं, एक अक्षरही कुणाच्या म्हणण्यानं बदललं नाही, याचा त्यांना अभिमान होता. आणि नेमकं त्याच ठिकाणी साक्रीच्या बाईनं बोट ठेवलं होतं.

परतीच्या एसटीत त्यांनी कानाला इअरफोन लावून ती गोष्ट शोधली. सापडायला वेळ लागला नाही. ‘अभागी सुनेची कहाणी, ऐकून डोळ्यांत पाणी येईल’. एक पुरुषी, गहिवरलेला आवाज, मागे बासरी. आणि पहिलं वाक्य कोकिळाताईंचं. दुसरं त्यांचं. तिसरंही. विहिरीवर रूपा बादली सोडून पळते तो प्रसंग, तिची सासू भाकरी मोजते तो प्रसंग, स्वल्पविरामासकट. लेखिकेचं नाव कुठेही नाही. ऐकणाऱ्यांचा आकडा पाहून तर त्यांना वाटलं, आपलं काहीतरी वाचण्यात चुकलं. त्यांचे दिवाणाखालचे गठ्ठे अजून निम्मे शिल्लक होते.

शेवट आला. नवरा दारात येतो. रूपा त्याला बघून हंबरडा फोडते, पायांवर डोकं ठेवते, “माझं चुकलं” म्हणते आणि त्याच्या मागोमाग सासरी निघते. आवाज गदगदून सांगतो, ‘मित्रांनो, संसार म्हणजे तडजोड. गोष्ट आवडली असेल तर चॅनेल नक्की सबस्क्राइब करा.’

कोकिळाताईंनी इअरफोन ओढून काढला. “माझं चुकलं? तिचं काय चुकलं?” त्या एसटीत मोठ्यानं म्हणाल्या. शेजारचा म्हातारा दचकून सरकून बसला.

घरी आल्या आल्या त्यांनी योगराजना सांगितलं. योगराज सरळ माणूस. हातातलं तांब्याच्या तारेचं वेटोळं खाली ठेवून म्हणाले, “एवढ्या लोकांनी ऐकली ना? चांगलंच झालं की. जाऊ दे.”

“तुमच्या दुकानात भरलेली मोटार कुणी उचलून नेली आणि उलटी फिरवून विकली, तर म्हणाल का जाऊ दे?”

योगराजनी वेटोळं पुन्हा हातात घेतलं. पण खरा घाव पुढेच होता. बोलणं ऐकून बेबाबाई आतून आल्या. त्यांना वाचता येत नाही. सुनेचं पुस्तक त्यांनी पूजेत ठेवलं होतं, आत काय आहे ते कधी विचारलं नव्हतं. कोकिळाताईंनी मोबाईलवर गोष्ट लावली, तशा त्या दोन वाक्यांतच म्हणाल्या, “आवं, ही तं मी आयकली व्हती! मी आन् त्या समोरच्या बाया, बसून आयकली. तुह्यी व्हय का ही? मंग मले सांगलं नही आधी?”

कोकिळाताईंचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, सून लाजली. त्या आणखी कौतुकानं म्हणाल्या, “शेवट तं लय चांगला केला बाई. बिचाऱ्याच्या मांगं गेली ती. रडू आलं मले.”

स्वतःच्या घरात, स्वतःच्या सासूला आपली कादंबरी चोराच्या तोंडून कळावी आणि त्यातलं आवडावं तेवढंच चोराचं असावं! त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं.

मग खेटे सुरू झाले. चॅनेलखाली त्यांनी लिहिलं, ‘ही माझी कादंबरी आहे.’ ते पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. एका चौकीत गेल्या. तिथल्या हवालदारानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. “चोरीला काय गेलं म्हणता? पुस्तक तर तुमच्या हातात आहे.” एक साहित्य मंडळ चालवणाऱ्या नानांकडे गेल्या. नानांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि मान हलवत म्हणाले, “स्वतः छापलेल्या पुस्तकाचं असंच होतं, कोकिळाताई. मागे चांगला प्रकाशक उभा असता तर कुणाची हिंमत झाली असती?”

“प्रकाशक उभा आहे, नाना,” त्या उठत म्हणाल्या. “तुमच्यासमोर उभा आहे.” आलेला चहा त्यांनी घेतला नाही.

चॅनेलच्या खाली एक नंबर होता, ‘जाहिरातीसाठी संपर्क’. कोकिळाताईंनी विचार केला आणि फोन लावला. आवाज गोड करून म्हणाल्या, “भाऊ, माझा मसाल्यांचा धंदा आहे. तुमच्या गोष्टींमधे जाहिरात द्यायची होती. भेटून बोलू म्हटलं.” त्यानं लगेच पत्ता दिला. धुळे, देवपूर.

दुसऱ्याच दिवशी त्या धुळ्याला गेल्या. पिशवीत ‘जेवून जा’ची प्रत होती. एका जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर खोली. दार उघडलं ते पंचविशीतल्या, चष्मा लावलेल्या, बारीक अंगाच्या मुलानं. नाव कुंदन. आत भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेल्या, मधे माइक, बाजूला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची धूळ खाणारी थप्पी. ऐकलेल्या आवाजावरून त्यांनी कुणी दांडगा माणूस मनात धरला होता.

“मसाला आणलाय का सॅम्पलला?” कुंदननं विचारलं.

त्यांनी पुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवलं. मागची बाजू वर, फोटो दिसेल असं.

कुंदननं फोटो पाहिला, मग त्यांना पाहिलं. बसता बसता उठला. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं कुणाचं आहे. कुणीतरी पानांचे फोटो पाठवले होते.”

“पानावर वर नाव छापलेलं असतं. प्रत्येक डाव्या पानावर. मीच छापून घेतलंय.”

तो खाली बघायला लागला. मग एकदम बोलत सुटला. दोन वर्षं परीक्षा दिल्या, काही झालं नाही. हे चॅनेल काढलं. वाचायचं मीच, आवाज साफ करायचा मीच, संगीत मीच, चित्र मीच, लोकांना उत्तरं मीच. “एकटा माणूस सगळं करतो ताई. तुम्हाला नाही कळायचं ते.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी कोकिळाताईंना त्यांचंच गाऱ्हाणं ऐकवत होतं. त्यांना तो जरा जवळचा वाटला. पण तेवढ्यापुरतंच.

“मला नाही कळायचं?” त्या म्हणाल्या. “तू सगळं करतोस, फक्त लिहीत नाहीस. ते माझ्याकडून उचलतोस. आणि उचललंस तर उचललंस, तिला पाया कशाला पडायला लावलंस?”

“लोकांना आवडत नाही ताई. नवरा आजारी आणि बाई दार लावते म्हटल्यावर खाली शिव्या येतात. मी आधी तुमचाच शेवट टाकला होता. एका दिवसात काढावा लागला.”

“मग शिव्या खायच्या. मी खाल्ल्या असत्या. नाव असतं तर मलाच आल्या असत्या ना? तेवढ्यासाठी तरी नाव ठेवायचं!”

शेवटी ठरलं. कुंदन शेवट पुस्तकातल्यासारखा वाचून पुन्हा टाकेल, आणि लेखिकेचं नाव ठळक देईल. नाहीतर गोष्ट काढेल. जिना उतरताना तो मागून म्हणाला, “ताई, पण तुमच्या पुस्तकाला मी एवढी माणसं मिळवून दिली, हे पण बघा.” त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय केलं असतं सांगता येत नाही.

आठवड्यानं चॅनेल उघडून पाहिलं. शेवट तोच, पाया पडणारा. आणि अगदी खाली, बोटानं तीनदा सरकवल्यावर दिसेल अशा जागी, बारीक अक्षरात एक ओळ: ‘मूळ कल्पना – कोकिळाताई, नशिराबाद.’

मूळ कल्पना! कितीतरी दुपारी बसून लिहिलेली ओळ न् ओळ ही कल्पना, आणि त्यानं गोधड्या टांगून वाचली ती गोष्ट. त्या दिवसापासून कोकिळाताई वकीलही झाल्या. चॅनेल चालवू देणाऱ्या कंपनीकडे तक्रार कशी करायची, पुरावा कसा जोडायचा, हे त्या मोबाईलवरच शिकल्या. इंग्रजीतली उत्तरं शब्दकोश घेऊन लावली. महिनाभरानं कंपनीनं कुंदनच्या चॅनेलवरून गोष्ट उतरवली. संध्याकाळी कुंदनचा फोन.

“ताई, पोटावर पाय दिलात माझ्या.”

“तू रूपाच्या डोक्यावर दिला होतास,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. हे उत्तर त्यांना लगेच सुचलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

जिंकल्याचा आनंद फार टिकला नाही. कुंदनची गोष्ट आधीच आणखी चॅनेलवाल्यांनी उचलली होती. एका ठिकाणी रूपाचं नाव बदललं होतं, एका ठिकाणी तिला मूलही झालं होतं. प्रत्येकाच्या मागे लागायचं तर दुसरं काही करायलाच नको. दोन दिवस त्या रागानं भांडी आपटत राहिल्या. मग त्यांनी योगराजना सांगितलं, “उद्यापासून दुपारी मी सांगेन तेवढा वेळ ग्राइंडर बंद ठेवायचं.”

“का?”

“मी वाचणार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या आवाजात, माझ्या चॅनेलवर.”

योगराजनी दुकानाच्या दारात खुर्ची टाकली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला हळू बोला म्हणून सांगत राहिले. मागच्या खोलीत कोकिळाताई मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून, रेकॉर्डिंग लावून वाचायच्या. रूपा पुस्तकी मराठीत विचार करी, तिची सासू ‘मले-तुले’ बोले. हुंदके नाहीत, बासरी नाही. बेबाबाई रोज कोपऱ्यात येऊन बसायच्या, कांदे निवडायचं निमित्त करून. मधे मधे “व्हय, आसंच ऱ्हाते” म्हणायच्या, आणि कोकिळाताईंना चाललेलं वाक्य परत वाचावं लागायचं.

शेवटचं प्रकरण आलं. रूपानं ताट वाढलं. नवरा जेवला. हात धुतला. रूपानं दार लावलं, कडी घातली. कोकिळाताईंनी मोबाईल बंद केला.

“आजारी मानसाले आसं काढाव का?” बेबाबाईंनी विचारलं.

“जेवू घातलं ना तिनं, आई.”

“जेवू घातलं ते बराबर. दार लावलं तं लाव बाई. पन कडी कायले घातली? कडी तं काढून टाक.”

“कडी ऱ्हाईन,” कोकिळाताई म्हणाल्या.

बेबाबाई फणकाऱ्यानं उठल्या. पण समोरच्या बायांना घेऊन त्या परत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, ह्यायलेबी आयकव. बाया ऐकून गेल्या. दोघींनी रूपाला शिव्या दिल्या. तिसरी जाता जाता पुस्तक मागून घेऊन गेली.

कोकिळाताईंच्या वाचनाला कुंदनच्या मानानं थोडेच ऐकणारे आहेत. खाली शिव्या येतात, त्या पुसत नाहीत. उत्तरं देतात, जेवण झाल्यावर, एकेकाला. दुसरी कादंबरी अर्धी होऊन पडली आहे. तिचं काय झालं असं कुणी विचारलं, की त्यांचा राग अजून उसळतो. “लिहू कधी? प्रकाशक आणि वकील लेखिकेला सुट्टीच देत नाहीत,” त्या म्हणतात, आणि वाजणारा फोन उचलतात.