चिमाबाईंच्या ड्रमची किल्ली

चिमाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाला लाटण्यानं बडवत होत्या. मी कंपनीत लागून महाळुंग्यात नुकतीच खोली घेतली होती. जेवणाची सोय बघायला गेलो, तर खानावळीच्या दारात हा तमाशा. गडी चांगला आडदांड, प्यायलेला. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात धरला म्हणून मार खात होता. त्याला गटारात लोळवून बाई आत आल्या, लाटणं धुतलं आणि मला म्हणाल्या, "बस. भाकर का पोळी?" आता काय बोलणार राव! पुढ्यात आलं ते मुकाट्यानं गिळलं.

बाई बीडकडच्या, आष्टी तालुक्यातल्या. नवरा ज्ञानदेव कंपनीत प्रेसवर होता, तो अचानक गेला. पदरात सिद्धेश, तेव्हा शाळकरी. बाईंनी खानावळ टाकली, आमच्यासारख्या शिफ्टवाल्यांना जेवू घातलं, पोराला आयटीआय करवलं आणि कंपनीत चिकटवलं. भाजीवाल्यापासून आमच्या खोल्यांचे मालक अर्जुनराव यांच्यापर्यंत सगळे त्यांना टरकून असायचे. सिद्धेशला तर हाताचा प्रसाद रोजचाच. पोरगा आईवरच गेला. आधी हात, मग तोंड.

त्या साली पाऊस बेपत्ता झाला. आदल्या वर्षीही त्यानं तोंडाला पानंच पुसली होती. आमचं बोअर होळीलाच आटलं आणि पोळा तोंडावर आला तरी आभाळ ढिम्म. एक दिवसाआड टँकर यायचा. प्रत्येक खोलीच्या दारात एक ड्रम, आणि झाकणाला भोकं पाडून त्यात कुलूप. अहो, आमच्या दाराची कडी मोडकी असली तरी चालत होतं, पण ड्रमला कुलूप हवंच!

टँकरचा पाइप फक्त चिमाबाईंच्या हातात. ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, कारण त्या कुणाला थेंब जास्त देत नव्हत्या आणि कमीही नाही. नेम त्यांनीच घातला होता. दुसऱ्याच्या ड्रमला हात लावायचा नाही आणि आपल्यातलं उसनंही द्यायचं नाही. "आज उसनं म्हणाल, उद्या चोरून नेल्यावर बी उसनंच म्हणाल," असं त्यांचं म्हणणं. नेम मोडणाऱ्या दोघांना त्यांनी त्याच पाइपानं सगळ्यांदेखत फोडून काढलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटच्या खोलीत भैरू राहायला आला. जतकडचा, कंत्राटी हेल्पर, गरीब गाय. टँकरची वाटणी आधीच झालेली, त्यामुळे त्याला ड्रमच नाही. बायको विजयश्री ओली बाळंतीण. भैरू कंपनीतून बाटल्या भरून आणायचा. आता बाटलीभर पाण्यात बाळंतिणीनं प्यावं काय आणि बाळाचं धुवावं काय?

त्या दिवशी दुपारी मी पहिली शिफ्ट करून आलो, तर चाळीत हा गलका. खानावळीच्या दारात, चिमाबाईंच्या ड्रमपाशी भैरू जमिनीवर पडलेला आणि सिद्धेश धरून चार-पाच जण त्याला लाथांनी तुडवत होते.

"चोर घावला, गणराज!" एक जण मला ओरडून म्हणाला. "ड्रमपाशी दबून बसला होता!"

"अरे, मरेल तो, भावा!" म्हणत मी मध्ये घुसलो. कुणाचं तरी कोपर थेट तोंडावर बसलं आणि दात हातात आला. भैरूच्या नाकातोंडातून रक्त येत होतं. एक मूठ त्यानं छातीखाली घट्ट दाबून धरली होती. कुणीतरी ती ओढून बाहेर काढली आणि तिच्यावर बूट ठेवून दाबला. बोटं चेंगरली, पण त्यानं मूठ उघडली नाही.

"बोल की! कधीपासून चोरतोयस?" सिद्धेशच्या हातात लोखंडी पाइप होता.

भैरूनं खानावळीच्या बंद दाराकडं पाहिलं. बोलला काहीच नाही. सिद्धेशचं डोकं फिरलं आणि त्यानं पाइप फिरवला. तो डोळ्यावर बसला. विजयश्री तान्ह्याला घेऊन दारात उभी होती, ती किंचाळली.

तेवढ्यात रिक्षा थांबली. चिमाबाई पिंपरीहून किराणा घेऊन आल्या होत्या. पिशव्या तिथंच टाकून त्या धावल्या, ड्रमच्या झाकणावरची वीट उचलली आणि सिद्धेशच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"आई!" सिद्धेश कळवळला. "अगं, चोर आहे तो!"

"का मारायलाव रे त्याला, मुडद्यांनो? कुलूप तरी बघितलं का?"

कुलूप जसंच्या तसं होतं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी भैरूचं एकेक बोट सोडवलं. आत लाल दोऱ्याची किल्ली.

"माझ्या ड्रमची हाय. मीच दिली. बाळंतिणीसाठी रोज एक कळशी ने म्हणलं, आन् कुणाला सांगू नको म्हणलं. नेम माझा, मोडला बी मीच." त्यांचा आवाज फाटला. "आन् येड्यानं मार खाल्ला, पर माझं नाव न्हाई घेतलं."

 आणि नेमका त्याच वेळी वारा सुटला. एका खोलीचा पत्रा उडून रस्त्यावर आदळला आणि पाऊस कोसळला, खडी ओतल्यासारखा.

"पाऊस! पाऊस आला रे!"

झालं! भैरूला तुडवणारी ती माणसं ड्रमकडं पळाली. कुणाची किल्ली खोलीत, कुणाची शिफ्टला गेलेल्या जोडीदाराकडं. मग सिद्धेशच्या हातातून पडलेल्या त्याच लोखंडी पाइपानं कुलपं फोडली गेली. पोरं नाचत होती, बाया पातेली घेऊन बाहेर आल्या होत्या. माझा संताप संताप होत होता. तरी खोटं कशाला बोलू, मीही तोंड वर करून दोन घोट प्यालो, रक्तासकट.

चिमाबाईंनी पदर फाडून भैरूच्या डोळ्यावर दाबला होता. "गणराज, टेम्पो आण," एवढंच त्या म्हणाल्या. किल्ली भैरूच्याच मुठीत राहिली. सगळ्या चाळीचे ड्रम भरले, बाईंचा तेवढा कुलपात रिकामा राहिला.

पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला नेलं. जीव वाचला, डोळा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येताच त्यानं विचारलं, "मावशी, पाऊस पडला म्हणं. ड्रम उघडला का?"

बाईंनी तोंड फिरवलं.

हवालदार जबाब घ्यायला आला. सिद्धेश हाताला प्लास्टर घालून दारात उभा, चेहरा पांढराफटक. भैरूनं त्याच्याकडं पाहिलं, मग बाईंकडं.

"पावसात घसरून पडलो, साहेब."

सिद्धेशनं सुटकेचा निःश्वास सोडला. हवालदारही वही मिटायला लागला. चिमाबाई उठल्या.

"खोटं बोलायलाय त्यो. परत माझ्याच पायी." त्या रडत होत्या, इतक्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "लिहा. मारणारा सिद्धेश ज्ञानदेव. माझ्याच पोटचा हाय. आन् हात उचलायला त्याला मीच शिकवलं, ते बी लिहा."

"आई..." सिद्धेश म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो आपणहून आत आला आणि हवालदारासमोर आईशेजारी उभा राहिला.