तुळशीशेजारची कुंडी

पिंपरीच्या औषध कारखान्यातली नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी तज्ज्ञाच्या बाईंनी जाताना माझ्या बायकोला एक झाड दिलं. जेमतेम वीतभर उंच, ताटलीसारख्या उथळ कुंडीत लावलेलं, खोड कमरेत वाकलेलं, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळलेली. नाव फायरथॉर्न, वाटाण्याएवढी लाल फळं धरणारं. असं झाड मुद्दाम बुटकं ठेवतात, त्याला बोन्साय म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं.

मी म्हणालो, "म्हणजे आमच्याच गोत्रातलं!"

बायकोने माझ्या उंचीकडे आणि मग झाडाकडे पाहिलं. "त्याला काटे तरी आहेत," ती म्हणाली.

दोन वर्षं तिने ते पोरासारखं सांभाळलं. आम्हाला मूल नव्हतं. मग तिला खोकला लागला, ताप हटेना, आणि छातीच्या फोटोत क्षय निघाला. आमच्या कारखान्यात पेनिसिलीन बनायचं. मी स्वतः बाटल्या भरायच्या खात्यात होतो. ते औषध क्षयाला चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

नदीपलीकडच्या इस्पितळात दाखल होताना ती बजावून गेली, "माती वरून सुकली की मगच पाणी घाला. आत्ता फळं हिरवी आहेत. दिवाळीपर्यंत लाल होतील, तोवर मी घरी येते."

बस्स, एवढंच काम माझ्याकडे होतं.

झाडाला ऊन हवं म्हणून मी कुंडी चाळीच्या सामाईक अंगणात, तुळशीशेजारी ठेवली. दुसऱ्याच दिवशी पोरांनी चार फळं तोडून नेली. माझं डोकं अशा वेळी फार वेगाने चालतं आणि हमखास चुकीच्या दिशेला. मी जाहीर केलं, "हे हिमालयातलं देवाचं झाड आहे. हात लावाल तर याद राखा."

पोरं पळाली. माझी अक्कल बघून मलाच माझं कौतुक वाटलं.

पण ते पोरांच्या आयांनीही ऐकलं होतं. गावातून दूध घालायला येणाऱ्या मावशींनी तर तिथल्या तिथे हात जोडले. "भाऊ, आधी का न्हाई सांगितलं? वहिनीसाठी पानी घालत जाऊ की आमी."

आमच्या अंगणात बाई आंघोळ करून आली की तुळशीला तांब्याभर पाणी घालते. आता प्रत्येकीचा दुसरा तांब्या या झाडाला. त्यात हळदकुंकू, अक्षता, मंगळवारी थोडं दूधसुद्धा. तुळशीला सवय होती. हे बिचारं उथळ कुंडीत उभं राहून सगळ्यांची भक्ती सोसत होतं.

मी मावशींना खरं सांगून पाहिलं. "मावशी, देवाबिवाचं काही नाही हो. मी थाप मारली होती. पाणी बंद करा."

"आसं बोलू न्हाई भाऊ. वहिनी तिकडं आजारी हाय."

मग मी कुंडी घरात आणून ठेवली. तासाभरात दोघीतिघी दारात. "आमच्या हातून काही चुकलं का हो?" एकीने तर माझ्या बायकोसाठी सोमवार धरले होते. मी कुंडी परत जागेवर नेऊन ठेवली. आणि आता सांगायला लाज वाटते, पण पुढे पुढे मीही आंघोळ झाली की ओल्या पंच्याने जाऊन तांब्या ओतायला लागलो. तिने सांगितलेलं सगळं पाठ होतं तरी.

श्रावणात पानं पिवळी पडली, फळं काळी होऊन गळाली. कुंडी उपडी करून पाहिलं, तर भिजून फुगलेल्या अक्षतांनी खालची भोकं गच्च बुजलेली आणि मुळं कुजून लिबलिबीत झालेली. मी झाड तसंच परत रोवून ठेवलं.

"पानी कमी पडलं आसंल," मावशी म्हणाल्या.

दर रविवारी मी इस्पितळात जायचो आणि झाडाची खुशाली सांगायचो. आता रंग धरतंय, आता केशरी झालंय. ती डोळे मिटून ऐकायची. अंग उतरत चाललं होतं. दिवाळीच्या आधी ती म्हणाली, "एक डहाळी आणा ना. बघू दे."

मी वाळलेल्या झाडाची एक फांदी कापली. चिंचवडच्या सोनाराकडून मूठभर गुंजा आणल्या आणि बाभळीच्या डिंकाने एकेक चिकटवल्या, काळा ठिपका आतल्या बाजूला लपवून. काटे बोटात घुसले. काम झाल्यावर लांबून बघितलं, तर मीही फसलो असतो.

तिने डहाळी हातात घेतली, फिरवली आणि नखाने एक फळ उलटं केलं. काळा डोळा तिच्याकडे बघत होता. ती हसली, हसता हसता खोकली, बराच वेळ खोकली.

"कधी गेलं?"

"श्रावणात."

"पाणी जास्त झालं?"

"सगळ्यांनी घातलं. तुझ्यासाठी."

"तुम्हीसुद्धा?"

मी मान डोलावली. तिने डहाळी माझ्याकडे परत दिली. "इथे नको ठेवायला. बाकीच्या बायका पाया पडायला लागतील." मग भिंतीकडे वळून म्हणाली, "दिवाळीला वाट बघू नका हं."

घरी आलो तर कुंडीतल्या वाळक्या काडीला ताजं कुंकू लावलेलं होतं. बायका रोज पाणी घालत राहिल्या, मीही घालत राहिलो.

संक्रांतीच्या आधी ती गेली. नंतर एकीनेही त्या कुंडीत पाणी ओतलं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तुळशीला तांब्या ओतून झाला की बायका तिथूनच मागे फिरायच्या. काही दिवसांनी मी सवयीने कुंडीतल्या मातीला बोट लावून पाहिलं. वरून चांगली सुकली होती.