पेवाच्या तोंडाशी

आमच्या हरिपुरात वर गाव नांदतं आणि खाली हळद झोपते. जमिनीत खोल पेवं खणलेली असतात. तोंड अरुंद, पोट मोठं. सांगलीचे व्यापारी त्यात हळद भरतात, वरून माती लिंपतात आणि भाव चढला की काढतात.

आबा पेवाच्या तोंडाशी बसायचा. काम एकच, हाक मारायची. आतली कोंदट हवा माणसाला कधी गुंगवेल सांगता येत नाही. म्हणून खालच्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वरून विचारत राहायचं, "हाय का?" खालून यायचं, "हाय." उत्तर चुकलं की दोर ओढायचा. आबा वर बसायला लागल्यापासून ते कधी चुकलंच नाही, आणि आबाला त्याचंच दुःख!

"दिसभर भोकात बोंबलायचं, ह्ये काय काम झालं?" तो म्हणायचा. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, कुपवाडला कारखाने निघत होते. मेहुण्याने तिथे पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली होती. जायच्या आदल्या दिवशी तो रोज पेवात उतरणाऱ्या अर्जुनाला म्हणाला, "आज तू वर बस. एक दिस तरी मला खरं काम करू दे."

अर्जुना नको नको म्हणत असताना आबा उतरला.

खाली ऊब होती, हळदीचा जुना वास होता. वरचं आभाळ ताटलीएवढं. पोती भरता भरता आबाचे हात जड झाले. त्याला वाटलं आपण कृष्णेच्या पाण्यावर उताणे पडलोय, आई काठावर धुणं धुतेय. किती बरं वाटत होतं! लांबून कुणी विचारत होतं, "आबा, हाय का?" सांगू सावकाश, त्याला वाटलं.

मग दोराला हिसका बसला. चार माणसांनी त्याला वर ओढून काढलं तेव्हा अर्जुना, दोन लेकरांचा बाप, ढसाढसा रडत होता. "म्हाताऱ्या, बोलायला काय झालतं रं तुला? जीव गेला की माझा!"

अर्जुनाने आबाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आबा त्याच्याकडे बघतच राहिला. आपल्यासाठी कुणी इतकं चिडेल, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

कुपवाडचं नाव पुन्हा निघालं नाही. उन्हं कलल्यावर अर्जुनाने डोळे पुसले, दोर कमरेला बांधला आणि म्हणाला, "बसा वर. उरल्याली पोती काढतो."

"उद्या उतर," आबा म्हणाला. "आज माझ्या गळ्यातनं हाक निघायची न्हाई."