बाबांच्या सूचना वेगळ्या काढताना

आईचा फोन अखेरच्या घटका मोजत होता, पण नवा घ्यायला ती तयार नव्हती. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. ते आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी लिहिलेलं जे काही उरलं होतं, ते या फोनमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर, 'शुभ सकाळ'च्या ढिगाऱ्याखाली. "ह्यांचं तेवढं वेगळं काढून दे, मग फोन फेक," आई म्हणाली.

ग्रुपवरचं सगळं मी माझ्या लॅपटॉपवर घेतलं आणि रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे ढिगातून हवं ते शोधणारा चिन्हांचा नमुना, लिहायला बसले. कंस, चांदण्या, टोप्या, उलटे दांडे. बघणाऱ्याला वाटावं, रांगोळीचे ठिपके काढून कुणीतरी मध्येच उठून गेलंय. कंपनीत मी हे रोज वापरते, फोन नंबर तपासायला, तारखा सरळ करायला, आणि तरी मला त्याचं नवल वाटायचं थांबत नाही. शब्द सांगायचाच नाही, फक्त ठेवण सांगायची: ओळीच्या सुरुवातीला तारीख, मग बाबांचं नाव, पुढे जे असेल ते. बाबा कोण हे ज्याला ठाऊक नाही, ते यंत्र एवढ्यावर त्यांना गर्दीतून नेमकं हुडकून आणतं. कमाल आहे बाई.

आलं ते असं: सूचना. सूचना. सूचना. पानभर नुसतं तेच.

"एवढंच बोलायचे होय हे?" आई म्हणाली.

बाबांची शिस्त नडली. आधी मथळा, मग खालच्या ओळीवर मजकूर, आणि माझा नमुना पहिल्या ओळीलाच थांबत होता. 'पुढची तारीख दिसेपर्यंत सगळं घे' असं त्याला सांगितलं मात्र, बाबा धो धो यायला लागले. 'लिफ्ट ही सोय आहे, हक्क नाही. दार उघडे टाकणाऱ्यांनी जिना चढून प्रकृती सुधारावी.' दोन-चार चिन्हं इकडची तिकडे केली, आणि माणूस खोलीत बोलायला लागला.

मध्ये मध्ये नुसतंच 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं येत होतं. आई हसली. "हे मी काढायला लावलेले. टाकून झालं की मला दाखवायचे, फार झोंबेल असं वाटलं की मी म्हणायची, काढा ते. हा बघ, 'तिसऱ्या मजल्याने कुत्रा पाळला आहे की कुत्र्याने तिसरा मजला, हे एकदा कळवावे.' आणि हा पार्किंगचा." एकेक रिकामी ओळ ती भरत गेली. मी आ वासून ऐकत होते.

शेवटची ओळही तशीच निघाली, डिलीट केलेली. तारीख बाबांच्या शेवटच्या, दवाखान्यातल्या दिवसांतली. आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"अहो," ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हे मला न दाखवताच काढलंत?"