उभं राहायचं काम

पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये मी काम मागायला गेले, तेव्हा दादा मला गाडीवरून सोडायला आला होता. सुपरवायझरने माझ्या कुबड्या पाहिल्या आणि दादालाच विचारलं, "हिला दिवसभर उभं राहणं जमेल का?"

त्याच्या मागे सगळ्या बायका स्टुलावर बसून द्राक्षाच्या घडांतले खराब मणी कात्रीने काढत होत्या. मामाच्या बागेत मी लहानपणापासून हेच करत आले होते. माझं डोकंच फिरलं.

"यांच्यातलं उभं कोण आहे, ते दाखवा!"

माझ्याकडे न बघता तो दादाला म्हणाला, "लय बोलते रे तुझी बहीण. त्यापेक्षा तूच ये उद्यापासून कामाला."

दादाने उभ्या आयुष्यात द्राक्षाच्या घडाला कात्री लावली नव्हती. पण त्याचे दोन्ही पाय धड होते ना!