‘अजून वर’ म्हणणारे म्हात्रे

म्हात्र्यांना संगणकाच्या पडद्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली की ते नाक मुरडत. "ती नुसती रडनारी ओळ, काकी. रडनाऱ्याला काय विचारायचं? वर चला." मी वर जाई. "अजून वर." मी आणखी वर जाई. "अजून." लाल-पांढऱ्या अक्षरांच्या तीनचारशे ओळी सरकत जात, माझा चष्मा नाकावरून घसरे, आणि म्हात्रे खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे असत. खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. "बसलो की डोकं पन बसतं," म्हणत.

मागे मीराने फोनवर विचारलं होतं, आजोबांच्या पानांच्या शेवटी ‘म्हात्रे यांच्या साहाय्याने’ असं छापलंय ते म्हात्रे कोण? ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यात माझी एक चूक आहे आणि ती मला क्रमाने सांगायची आहे, म्हणून ईशान आणि मीरा, तुम्हा दोघांसाठी हे लिहून ठेवते.

म्हात्रे आपल्या सोसायटीच्या मागे, कामोठ्याच्या जुन्या गावठाणात राहत. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडसडीत, शर्टाच्या खिशाला नेहमी दोन पेनं. महाप्याच्या एका कंपनीत ते सर्व्हर सांभाळत. त्याआधी तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. तिथल्या कंट्रोल रूममधल्या संगणकाचा त्यांना नाद लागला आणि ते लिनक्स नावाची संगणकप्रणाली शिकले, बहुतेक स्वतःचं स्वतःच. पहिल्यांदा घरी आले तेव्हा खिडकीतून खाली बघून म्हणाले, "तुमची पार्किंग हाय ना, तिथं आमचं भाताचं खाचर व्हतं." त्यात तक्रार नव्हती. कुणी आपला पत्ता सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

त्यांना बोलवावं लागलं ते तुमच्या आजोबांमुळे. आजोबा तुमच्यासाठी रोज काही ओळी लिहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी सुरुवात केली तेव्हा संगणकावर मराठी अक्षरं धड उमटत नसत. दुसरा कुणी असता तर त्याने वही घेतली असती. आजोबांनी प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा दिला आणि ते आकडे वाचून मराठी दाखवणारा प्रोग्रामही स्वतःच लिहिला. पुढे जगात सगळं सोयीचं झालं तरी ते त्यालाच धरून राहिले. ते गेले, आणि दोन महिन्यांत त्यांचा संगणकही गेला. दुकानदाराने आतल्या फायली वाचवून दिल्या, पण नव्या संगणकावर त्या उघडल्या तर नुसतं आकड्यांचं वारूळ. आकड्यांचा तक्ता वेगळा कुठे लिहिलेला नव्हता. जोडाक्षरं कशी जुळतात हे एक आजोबांना माहीत होतं आणि एक त्या प्रोग्रामला. तुम्ही डिसेंबरात येणार होतात. तेव्हा ती पानं छापून तुमच्या हातात द्यायची, असं मी ठरवलं होतं.

प्रोग्रामची मूळ संहिता त्या फायलींत होती. ती नव्या संगणकावर पुन्हा बांधायची, एवढंच काम. त्याला ‘बिल्ड’ म्हणतात हे मी म्हात्र्यांकडून शिकले, आणि ते होत नाही म्हणजे काय होतं हेही. समजा, आजोबांनी आमटीची कृती लिहून ठेवली आणि त्यात म्हटलं, ‘काकूंचा मसाला दोन चमचे.’ आता काकूंनी मधल्या वर्षांत मसाल्यातलं दगडफूल बंद केलं, आणि दगडफूल ज्याच्याकडून येई त्याने दुकानच बदललं. कृती बरोबर आहे, पण आमटी होत नाही. आजोबांच्या प्रोग्रामला पडद्यावर चौकट काढून देणारी एक जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली तयार सामग्री, हवी होती, तिला अक्षरं काढणारी दुसरी, तिला आणखी तिसरी, आणि प्रत्येकीची अमुकच आवृत्ती. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची केलेल्या बाईला एक यंत्र दिवसातून वीसदा सांगत होतं, लायब्ररी सापडत नाही! मला त्या पडद्यावर फुली मारावीशी वाटे.

म्हात्रे शनिवारी दुपारी येत, बिनसाखरेचा चहा घेत, आणि कळफलक मलाच हाताळायला लावत. "तुमचं घर, तुमची मशीन. माजा हात लागला तर उद्या तुमाला कळनार नाय काय केलं ते." मला ते पटलं, कारण मीही शिस्तीची. मी एक वही केली. प्रत्येक प्रयत्नाला क्रमांक, तारीख, काय केलं, काय झालं. पहिल्या शनिवारी ती जुनी लायब्ररी त्यांनी कुठूनतरी शोधून आणली आणि बसवली. लाल ओळी पाऊणशेवरून वीसवर आल्या. मी वहीत तसं लिहिलं आणि खाली सुबक रेघ मारली.

पुढच्या शनिवारी पुन्हा पाऊणशे.

"असं कसं?" मी विचारलं.

"वर चला," म्हात्रे म्हणाले. वर तीच ओळ. गेल्या खेपेला मिटवलेली. त्यांनी डोकं खाजवलं, ती लायब्ररी पुन्हा बसवली, आम्ही पुढे सरकलो, आणखी दोन गाठी सुटल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी पहिली गाठ पुन्हा बसलेली. नवरात्र गेलं, दिवाळीचा फराळ झाला, म्हात्र्यांनी घरचे पोहे आणून दिले, आणि वहीत अकरा क्रमांक झाले. अकरापैकी सहा नोंदी शब्दशः एकच होत्या. सूचीत एकाच पुस्तकाची सहा कार्डं सापडली तर मी शिपायाला सोडत नसे. इथे कुणाला धरायचं?

मी म्हात्र्यांना धरलं. सरळ काही म्हटलं नाही, पण माझ्या आवाजाची धार तुम्हाला माहीत आहे. "म्हात्रे, गेल्या वेळी नीट बसवलं होतंत ना?" मग, "घाई झाली असेल तुमची." मग एकदा, "कंपनीतही असंच चालतं का?" ते ऐकून घेत. त्यांचं एकच पालुपद: "पानी जिथं साचतं तिथं भोक नसतं, काकी. खारीच्या शेतात खारं पानी शिरलं की मानूस पान्यातच उभा ऱ्हातो आनि शिव्या घालतो. आमचा बाप पान्याकडं बगायचा पन नाय. बांधावरून चालत जायचा, वर, अजून वर. कुठंतरी खेकड्यानं एवढंसं भोक पाडलेलं असायचं." भरतीच्या पाण्याने बांधाला पडलेल्या भगदाडाला ते खांड म्हणत. "खांड गावली पायजे. मंग बुजवायला वेळ नाय लागत."

मला बांधाच्या गोष्टी नको होत्या. मला पानं हवी होती. नोव्हेंबर अर्धा सरला होता आणि पडद्यावर आजोबांचं एक अक्षर उमटलं नव्हतं.

बाराव्या शनिवारी म्हात्र्यांनी पहिल्यांदाच कळफलक मागून घेतला. उभ्याउभ्याच संगणकाने आपोआप ठेवलेली कसलीशी जुनी नोंद उघडली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकी, रविवारी सकाळी या मशीनवर कोन बसतं?"

"माझ्याशिवाय याला कुणी हात लावत नाही," मी म्हटलं. "आणि मी काही बिघडवत नाही. रविवारी तर मी उलट सगळं स्वच्छ करते."

"बरं," म्हात्रे म्हणाले.

त्या ‘बरं’ने माझा तोल गेला. मी म्हटलं, "म्हात्रे, बारा आठवडे झाले. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारीन. त्यांचं लिहिलेलं आहे ते, तुमच्या खेकड्यांसाठी नाही." शब्द तोंडातून गेले आणि मला ते परत घेता आले नाहीत. म्हात्र्यांनी कळफलकावर आणखी एक ओळ टाइप केली, माझी वही ओढली, खिशातलं पेन काढून काहीतरी लिहिलं, आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले. वही मी रागाने उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझा रविवार तुम्हाला पाठ आहे: अंघोळ, देवपूजा, साडेनऊला संगणक, मग पुस्तकांवरची धूळ, औषधांच्या पट्ट्यांच्या तारखा आणि फ्रिजचा वरचा कप्पा. संगणक विचारतो, नवीन आवृत्त्या आल्या आहेत, घ्यायच्या का? मी दर रविवारी ‘हो’ म्हणायची. जुनं ठेवायचं कशाला? सगळं अद्ययावत झालं की मला ओटा पुसल्यासारखं वाटे. त्या दिवशीही मी ‘हो’ म्हटलं. पण या वेळी यंत्राने खाली एक नवी ओळ दाखवली: सगळं नवं केलं, एक वस्तू मात्र आहे तशीच राखून ठेवली आहे. पुढे तिचं नाव होतं. ते नाव मी माझ्या हाताने वहीत सहा वेळा लिहिलं होतं.

मी वही उघडली. म्हात्र्यांचं अक्षर: ‘१२. खांड गावली. बुजवली. ही लायब्ररी नवी करू नये.’ बास. कुणाची चूक, कधी झाली, काही नाही.

शनिवारी ते जुनी लायब्ररी बसवत होते, आणि रविवारी साडेनऊला मी ती झाडून टाकत होते. बारा आठवडे.

मी तशीच गावठाणात गेले. म्हात्रे अंगणात जाळं सांधत बसले होते. हे एकच काम ते बसून करत असावेत. मला बघून उठले, आतून खुर्ची आणली. मी उभीच राहिले.

"तुम्हाला कळलं होतं. मग तोंडावर का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू, काकी? तुमी एवढ्या नेमानं करता. चोरी करत व्हता व्हय?"

"मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"ते बोललातच," म्हात्रे म्हणाले आणि हसले. मग जाळ्यातली गाठ चाचपत त्यांनी एक हकिकत सांगितली. त्यांच्या आईला स्वच्छतेचं फार होतं. घर सारवून झालं की ती बांधावर जाई आणि त्यावरचं गवत उपटून बांध अंगणासारखा लख्ख करून येई. पण बांधाची माती धरून ठेवतं ते गवतच. एका उधाणाला बांध गेला, आणि वर्षाचं भात गेलं. "बाप चार दिवस बांधावर हिंडला. त्याला समजलं. आयला एक शब्द बोलला नाय. गप गवत लावलं, आनि तिला सांगितलं, हितं देवाची जागा हाय, हितं हात लावू नको." त्यांनी गाठ आवळली. "मी तुमाला देव सांगितला असता तर चाललं नसतं. म्हनून मशीनलाच सांगितलं."

पुढच्या शनिवारी ते आले. दोन गाठी उरल्या होत्या, त्या तासाभरात सुटल्या. पडदा क्षणभर नुसता काळा राहिला, मग एक ओबडधोबड करडी चौकट उघडली आणि तिच्यात आजोबांची अक्षरं आली, त्यांनी स्वतः काढलेली, ‘ळ’ जरा तिरका. मी वाचायला लागले. म्हात्रे मागे उभे. पहिल्या पानावर लिहिलं होतं:

‘आज हिने पुन्हा माझं टेबल आवरलं. काहीच सापडत नाही. मुलांनो, मी इथे लिहितो आहे याचं खरं कारण हे, की या फायली तिला आवरता येणार नाहीत.’

मग मागून म्हात्र्यांनी अगदी सरळ आवाजात विचारलं, "काकी, आता खाली जायचं का?" मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. चहा त्यांनी त्या दिवशी पुरता प्यायला.

डिसेंबरात तुम्ही आलात, तेव्हा पानं बांधून तयार होती. म्हात्र्यांना मी जेवायला बोलावलं होतं, पण ते आले नाहीत, म्हणून तुमची भेट हुकली. त्याच सुमारास त्यांच्या कंपनीने सर्व्हरची खोली बंद केली आणि सगळं दुसरीकडे कुठेतरी हलवलं. त्यांना घरी बसवलं म्हणायचं, किंवा उभं केलं. ते उरणकडे गेले; तिथे भावाची थोडी खारजमीन अजून शिल्लक आहे. जाताना मला म्हणाले, "फोन करा, पन भरतीच्या येळेला नको. तेव्हा मी बांधावर असतो." आता भरतीची वेळ मी कुठून बघू? तीनदा केला, तीनदा उचलला नाही. मला याचा अजून राग येतो.

गेल्या महिन्यात पानांची आणखी एक प्रत छापताना पडदा पुन्हा लाल झाला. शेजारचे कुलकर्णी म्हणाले, सगळं पुसून नव्याने टाका. मी त्यांना चहा देऊन घरी पाठवलं. मग खुर्ची मागे सारली, उभी राहिले, आणि वर गेले. अजून वर. पहिल्या लाल ओळीत एका फाइलचं नाव होतं, जी मी आदल्या आठवड्यात नीट ठिकाणी लावून ठेवली होती. ती मी परत होती तिथे ठेवली.

रविवारी साडेनऊला यंत्र अजून विचारतं. बाकी सगळ्याला मी ‘हो’ म्हणते. खाली ती एक ओळ येते, एक वस्तू राखून ठेवली आहे म्हणून. ती मी मोठ्याने वाचते, आणि मग पुस्तकांवरची धूळ झटकायला जाते. आजोबांचं टेबल तेवढं सोडून.